विहीणबाईंनी नेलेला शेंडा

जव्हारच्या आमच्या घरात कुठेही बसलं तरी डोक्यावर वेल असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत, चुलीच्या धगीपासून लांब पण उजेडाच्या जवळ, आईने एक जाड काचेची बाटली ठेवली होती. तिच्यातून निघालेली मनीप्लांटची वेल सुतळीच्या आधाराने फडताळावर चढायची, देवांच्या फळीला वळसा घालायची, मधल्या दारावरून बाहेरच्या खोलीत यायची आणि आरशावरून सरकत पुढच्या दाराच्या चौकटीपर्यंत पोचायची. तिच्यासाठी आप्पांनी भिंतीला इतके खिळे मारले होते की कॅलेंडर लावायला कधी नवा खिळा शोधावा लागला नाही. पण चौकटीशी आली की आई तिचा शेंडा हलक्या हाताने धरून पुन्हा आत वळवायची. "बाहेर गेली की दुपारचं ऊन लागेल तिला," म्हणायची. मला त्या वेलीचा भारी राग यायचा. अठराव्या वर्षी मला उंबऱ्याच्या आत सुखाने राहणाऱ्या प्रत्येक वस्तूचा राग यायचा. त्यात पितळी डबे आले, आप्पांची आरामखुर्ची आली आणि आई तर सगळ्यांत आधी आली.

घर एसटी डेपोपासून हाकेच्या अंतरावर होतं. पहाटे गाड्या गरम करायला ठेवायचे, त्याची घरघर भिंतीतून यायची आणि फळीवरचे कप एकमेकांना लागून किणकिणायचे. मग दिवसभर भोंग्यातून कुठली गाडी कुठे चालली ते सांगणारा तो घोगरा आवाज. पालघर, डहाणू, ठाणे. नाशिकची गाडी लागली की, "मोखाडा, त्र्यंबकमार्गे नाशिक," असं तो दोनदा म्हणायचा आणि दुसऱ्यांदा 'नाशिक' जरा लांबवायचा. मी भाकरी थापत असले तरी हात थांबायचा. गाडी वळण घेऊन खाली उतरेपर्यंत मी तिच्या गिअरचा आवाज ऐकत राहायची, तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपायची आणि आई म्हणायची, "सुमे, गाडी गेली. आता तू ये." आमची भाकरी नाचणीची, त्यामुळे करपलेली पटकन कळायची नाही, हे एक बरं होतं. मी घरात चालत असायची. वाचताना चालायची, वेणी घालताना चालायची. "पायाला भिंगरी लागलीय हिच्या," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आजही माझी सून म्हणते, "आई, तुम्ही चहा तरी बसून प्या." गुडघे बदलून झाले, सवय काही बदलली नाही.

आईचं त्या वेलीशी वागणं मात्र अगदी शांत होतं. आठवड्यातून एकदा बाटलीतलं पाणी बदलायचं, जुनं पाणी तुळशीला घालायचं, बुळबुळीत झालेल्या मुळ्या बोटाने काढून टाकायच्या. पाण्याला वास येऊ नये म्हणून तळाशी कोळशाचा खडा. शेवाळ धरू नये म्हणून बाटलीला तपकिरी कागद गुंडाळलेला. पानांवर चुलीचा धूर बसायचा, म्हणून ओल्या फडक्याने एकेक पान ती पुसायची, तेही खालून तळहाताचा आधार देऊन. आमची तोंडं तिने इतक्या प्रेमाने कधी पुसली नसतील. मला तिने हे सगळं शिकवलं होतं, मी मागितलं नव्हतं तरी. "पेराच्या खाली खुडायचं. पेर पाण्यात बुडलं पाहिजे. मुळी फुटते ती पेरातून. नुसतं पान वर्षभर पाण्यात ठेवलंस तरी हिरवं राहील, पण जागचं हलणार नाही." मी म्हणायची, "म्हणजे माझ्यासारखं." ती फडकं पिळत म्हणायची, "तुला पेर आहे की नाही ते कळायचंय अजून."

चोरून आणलेला मनीप्लांट चांगला लागतो असं आता सगळीकडेच म्हणतात. आमच्या आळीने मात्र त्याचं पार शास्त्र केलं होतं. शेंडा कुणी मागायचा नाही आणि कुणी द्यायचाही नाही. ज्या बाईला तो हवा असेल तिने यायचं, चहा घ्यायचा, घरातल्या सगळ्या वस्तूंचं कौतुक करायचं आणि वेलीकडे बघायचंसुद्धा नाही. एवढ्यावरून घरातली बाई काय ते ओळखायची. "दूध उतू जाईल, बघून येते," म्हणून आत जायची आणि पाहुणीला पुरेसा वेळ मिळावा म्हणून भांडी वाजवत बसायची. पाहुणी शेंडा खुडून पदराआड करायची आणि दोघी पुन्हा पावसापाण्याच्या गप्पांना लागायच्या. पुढे पंधरा दिवसांनी घरवाली सहज म्हणून तिच्याकडे जायची, मुळ्या फुटल्यात का ते बघायला. तेवढी चौकशी करायला कुणाचीच हरकत नसायची. यातली खरी गोम अशी, की शेंडा कुठल्याही घरचा न्यायचा नाही. ज्या घरचं सुख आपल्या घरात यावंसं वाटतं त्याच घरचा न्यायचा. भांडखोर घरातली वेल कितीही माजली तरी तिला कुणी हात लावत नसे. शेजारच्या गोदाकाकू, ज्यांचे यजमान डेपोत मेकॅनिक होते, एकदा नळाच्या पाण्यावरून आईशी बोलेनाशा झाल्या. त्या पुन्हा बोलू लागल्या त्याच मुळी आमच्याकडून शेंडा चोरून. आणि याच काकूंच्या थोरलीला बघायला आलेल्या बाईने जाताना त्यांच्या खिडकीतला शेंडा नेला, आणि चार दिवसांत होकार आला. आळीत असं एकदा घडलं होतं, आणि एकदा घडलं की आमच्याकडे ती रीत होते.

या सगळ्याला हसणारी एकच बाई होती. जामसरची काशीबाय पावसाळ्याच्या तोंडाशी डोक्यावरच्या टोपलीत शेवळं, रानात उगवणारे ते कोंब, घेऊन यायची. शेवळांची भाजी आमच्याकडे सणासारखी व्हायची. बरोबर काकडं, ती आंबट रानफळं, घातली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून काशीबाय काकडांचा वाटा वेगळा बांधून आणायची. ओट्यावर टोपली टेकवून ती दारातून वेलीकडे बघत बसायची.

"बाय, हिला फूल येतं?"

"नाही गं," आई म्हणायची.

"फळ?"

"नाही."

"मंग पाला खाता का काय?"

"छे, शेळीसुद्धा तोंड लावत नाही."

"मंग पोसतेस कशाला हिला? माझी सासू बी बसूनच खाते, पण ती गोष्टी तरी सांगते." आई हसून हसून खाली बसायची. मग काशीबाय माझ्याकडे वळायची. "आन् हिला कुठं तरी धाड बाय. अंडं घालाया जागा शोधते कोंबडी, तशी फिरते घरात." आईचं हसू तिथे थांबायचं.

धाडायची जागा मी शोधून ठेवली होती. गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आमच्या दुकानात रिबिनी आणि पिना घ्यायला यायच्या. आप्पांचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, फण्या, टिकल्या, आरसे. सिस्टर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत यायच्या, घाईघाईने बोलायच्या, पैसे ठेवून भराभर निघून जायच्या, आणि त्यांच्या चालण्याचा मला हेवा वाटायचा. कुणीतरी वाट बघत असलेल्या ठिकाणी चाललेली बाई अशी चालते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांच्या सांगण्यावरून मी नाशिकला नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला आणि माझी निवड झाली. हॉस्टेलमध्ये राहायचं, शिकायचं. आप्पांना आनंद झाला, पण त्यांचा आनंद नेहमी आईच्या तोंडाकडे बघून मग पुढे सरकायचा. आई म्हणाली, "बघू." आणि त्याच आठवड्यात मोखाड्याचं स्थळ आलं.

मोखाड्याचे ते लोक किराणा दुकानवाले. आप्पा दर आठवड्याला बांगड्यांची ट्रंक घेऊन मोखाड्याच्या बाजाराला जायचे, तिथे मुलाच्या वडिलांशी त्यांची ओळख. मुलगा प्रभाकर दुकानात बसायचा. आईने त्या दिवशी शिरा केला, पोहे केले, माझ्या अंगावर तिची स्वतःची जांभळी साडी चढवली आणि दर पाच मिनिटांनी येऊन माझा पदर नीट केला. मुलाची आई चांगली अंगापिंडाने भरलेली, हसरी बाई होती. खांद्याला मोठी पिशवी. आल्या आल्या तिने घराचं कौतुक सुरू केलं. पितळी डबे किती लखलखीत, शिरा किती मोकळा, शेणाचं सारवण किती सारखं. वेलीचं नाव मात्र काढलं नाही. आईच्या डोळ्यांत तेव्हाच काहीतरी चमकलं, ते मी पाहिलं. प्रभाकर मान खाली घालून आपल्या नखांकडे बघत होता. आप्पांनी त्याला म्हटलं, "काही विचारायचं असेल तर विचारा हो." त्याने विचारलं, "आवड कशाची आहे?"

"प्रवासाची," मी म्हणाले. आप्पांना खोकला आला.

प्रभाकर अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मला गाडी लागते." मला तो त्या क्षणी वाईट वाटला नाही. उलट, बिचारा त्र्यंबकच्या घाटात खिडकीबाहेर डोकं काढून बसलेला डोळ्यांसमोर आला आणि मला हसू आवरेना.

हात धुवायला म्हणून त्याची आई मोरीकडे गेली. आई पाठोपाठ टॉवेल घेऊन निघालेली मधल्या दारातच थबकली, मागे फिरली आणि उगाच कपबशा गोळा करू लागली. मंडळी गेल्यावर ती सरळ देवांच्या फळीपाशी गेली. तिथली एक फांदी पेराच्या खाली खुडलेली होती, काप अजून ओला होता. आईने त्यावर बोट टेकवलं. "नेला गं! शेंडा नेला त्यांनी!" तिचा आवाज इतका फुटला की गोदाकाकू परसातून धावत आल्या. त्यांनी काप पाहिला आणि गालांवर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत आई आळीभर साखर वाटून आली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या बाईंना एकच नाव पडलं, विहीणबाई. विहीणबाईंना शिरा आवडला, विहीणबाईंचा स्वभाव मोकळा दिसतो. मी म्हटलं, "त्यांनी होकार कुठे दिलाय?" तर आई म्हणाली, "शेंडा म्हणजे शब्दच असतो. तोंडाने बोलणारे पुष्कळ असतात."

मग सुरू झालं वाट बघणं. मुलीकडच्यांनी आपणहून विचारायचं नसतं, त्यामुळे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आप्पा बाजारच्या दिवशी मोखाड्याला जायचे, रात्री परत आले की आई त्यांच्या हातातली ट्रंकही खाली ठेवू द्यायची नाही.

"भेटले?"

"भेटले की. चहा पाजला त्यांनी."

"काय म्हणाले?"

"पाऊस बरा आहे म्हणाले."

"आणि?"

"आणि भाताला अजून हवा म्हणाले."

आप्पांसारख्या दोन पुरुषांनी मिळून एखादी गोष्ट न बोलायची ठरवली तर ती उभ्या जन्मात कुणाला कळायची नाही. मला हजर व्हायला सांगितलं होतं तो दिवस इकडे जवळ येत चालला होता. मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली, पुसली, तिच्यात दोन साड्या ठेवल्या. दुपारी बघते तर साड्या कपाटात. मी पुन्हा ठेवल्या. आईने पुन्हा काढल्या. आम्ही दोघी त्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हतो, फक्त साड्यांच्या घड्या मोडत चालल्या होत्या. एकदा मात्र माझा तोल गेला.

"शेंडा गेला ना मोखाड्याला? मग मी कशाला अडकून पडू? त्याच्याबरोबर मी गेले का?"

"शब्द दिल्यावर मुलगी नाशिकला निघून गेली, असं म्हणतील ते."

"त्यांना आपल्या आळीची रीत माहीत तरी आहे का, आई?"

"बाईच्या जातीला असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत," ती म्हणाली. पण म्हणताना ती बाटलीतलं पाणी बदलत होती, आणि ते तिने सकाळीच बदललेलं होतं. पाणी रोज बदललं तर मुळ्यांना धर मिळत नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. त्या दिवसांत तिने वेलीला इतकं पुसलं, हलवलं, या खिळ्यावरून काढून त्या खिळ्यावर टांगलं की पानं पिवळी पडायला लागली. ती पडलेलं पान उचलायची आणि मुठीत धरून उभी राहायची. तिला काय वाटत असेल ते मला आज कळतं. मोखाडा म्हणजे एका गाडीचा रस्ता, जवळची लेक. सकाळी निघावं, संध्याकाळी परत यावं. नाशिकला गेलेली मुलगी कुणाची होईल, कुठे जाईल, हे तिला माहीत नव्हतं. तेव्हा मात्र मला एवढंच दिसत होतं, की नाशिकची गाडी रोज सुटते आणि मी तिच्यात नसते. माझी झोप उडाली होती. जेवताना घास हातात घेऊन मी उठायची आणि दारापर्यंत जाऊन यायची.

शेवटी मीच तोड काढली. हजर व्हायच्या आधीचा मोखाड्याचा बाजार आला तेव्हा आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, "होकार विचारायचा नसतो, कबूल. पण शेंडा लागला का, हे बघायला जायला कुणाची ना आहे? आळीत सगळ्याच जातात." आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, "तू जांभळी साडी नेस."

आम्ही तिघंही सकाळच्या गाडीने निघालो. आप्पांच्या मांडीवर बांगड्यांची ट्रंक, आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत विहीणबाईंसाठी परसातल्या दोन काकड्या. धुकं इतकं की वळणावर ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवून अंदाजाने जात होता. मला ती वाट ओळखीची, पण त्या दिवशी प्रत्येक वळणाला मी मोखाडा किती लांब राहिला ते मोजत होते. होकार असेल तर माझं काय होणार, हे मला माहीत होतं. आई ज्या गोष्टीला शब्द म्हणते त्यापासून तिला हलवणं माझ्या बापाच्यानेही झालं नसतं.

आप्पा बाजारात दुकान मांडायला गेले, आम्ही दुकानामागच्या घरात गेलो. विहीणबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांना खरोखर आनंद झाला, हे मला कबूल केलं पाहिजे. "अगं बाई, वहिनी! या, या. पोरीलाही आणलंत? बरं केलंत," म्हणत त्यांनी सूप बाजूला सारलं आणि चहाला आधण ठेवलं. आई सतरंजीच्या काठावर बसली. काकड्या दिल्या. पावसाचं झालं, रस्त्याचं झालं. मग आई हसून म्हणाली, "म्हटलं, आमचा चोर सुखरूप आहे का बघावं."

"चोर?" विहीणबाईंना क्षणभर उमगेना. मग त्या खळखळून हसल्या. "तुम्हाला कळलं वाटतं! या, दाखवते."

मागच्या खोलीला पडवीकडे उघडणारी लांब खिडकी होती. तिच्या फळीवर बाटल्याच बाटल्या. औषधाच्या, लोणच्याच्या, एक काचेचा रिकामा दिवा, एक कान तुटलेली चिनी मातीची बरणी. प्रत्येकीत मनीप्लांट. विहीणबाई एकेकीला बोट लावत सांगू लागल्या, "ही खोडाळ्याची. ही विक्रमगडची, त्यांचं घर फार मोठं होतं. ही वाडा गावची, जरा नाजूक आहे बघा. आणि ही तुमची. सगळ्यांत जोमदार तुमचीच हो." आमच्या शेंड्याला पांढऱ्या मुळ्यांचा झुपका आला होता, वर एक नवं पान सुटत होतं.

"एवढ्या ठिकाणी गेला होतात?" आईने विचारलं.

"मुलगी बघायला गेलं की आणते एकेक. तेवढीच त्या घरची आठवण राहते. माणसं किती करतात हो आपल्यासाठी, शिरा काय, पोहे काय." मग त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, प्रभाकरचं ठरलं ना! वाड्याचीच. यांनी सांगितलं नाही भाऊजींना? दर बाजारला तर भेटतात दोघं! कमाल आहे बाई या पुरुषांची. थांबा, तोंड गोड करते." आणि त्यांनी डबा उघडून आमच्या हातांवर एकेक रव्याचा लाडू ठेवला.

मला काय वाटलं ते सांगायचं तर सगळंच एकदम वाटलं. सुटले, असं वाटलं. इतकं, की तिथल्या तिथे नाचावं. पाठोपाठ अपमान वाटला. नकार मला हवाच होता, पण तो आपण द्यायचा असतो, असा लाडवाबरोबर घ्यायचा नसतो. आणि या दोन्हींच्या वर आईची दया आली. लाडू हातात धरून ती त्या बाटल्यांकडे बघत होती. आळीभर वाटलेली साखर तिच्या तोंडावर दिसत होती. वाटलं, आता ती काहीतरी बोलेल आणि मग मला मान वर करता येणार नाही. ती म्हणाली, "छान झालं हो. वाड्याचे लोक चांगले असतात." आणि तिने लाडू खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. रडणं गिळायला लाडू चांगला, हे मी त्या दिवशी शिकले.

निघायच्या वेळी विहीणबाई कुंकवाचा करंडा आणायला देवघरात गेल्या. त्यांची पाठ वळली मात्र, आईने हात घालून आमचा शेंडा मुळ्यांसकट बाटलीतून उपसला. रुमाल त्याच पाण्यात बुडवला, मुळ्यांभोवती गुंडाळला आणि काकड्या काढून रिकाम्या झालेल्या पिशवीत ठेवला. मी देवघराच्या दाराकडे बघितलं. पण तिचं अजून संपलं नव्हतं. वाड्याच्या बाटलीतलं पाणी आटून पेराच्या खाली गेलं होतं. आईने आमच्या बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्यात ओतलं, त्या नाजूक वेलीचं एक पिवळं पान अलगद खुडलं आणि पदराला हात पुसून उभी राहिली. विहीणबाईंनी आमच्या कपाळांना कुंकू लावलं, लग्नाला यायचं आग्रहाचं आमंत्रण दिलं. रिकामी बाटली त्यांना कधी दिसली असेल, दिसल्यावर त्या काय म्हणाल्या असतील, कुणास ठाऊक. माझ्या सुनेने मागच्या महिन्यात ऑनलाइन मनीप्लांट मागवला, खोक्यातून आला, कुंडीसकट, कसा जपावा याच्या छापील कागदासकट. मी तिला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "आई, पण आजींनी मागितला असता तर त्या बाईंनी दिला नसता का?" तिला काय समजावणार?

आप्पांचा बाजार उरकायचा होता, म्हणून आम्ही दोघीच आधीच्या गाडीने परतायला स्टँडवर आलो. धुक्यातून माणसं यायची आणि धुक्यात जायची. शेडखाली ओल्या घोंगड्यांचा आणि भजांच्या तेलाचा वास. आई बाकावर बसली, मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालत होते. तिचे डोळे वाहायला लागले. मी जवळ गेले तर म्हणाली, "तुझ्यासाठी नाही रडत. गोदाला आता काय तोंड दाखवू, म्हणून रडतेय."

"सांग, शेंडा परत आणला म्हणून."

ती रडता रडता हसली. नाक पुसलं. तेवढ्यात जव्हारकडून आलेली नाशिकची गाडी शेडसमोर येऊन थांबली. कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, बायका टोपल्या वर चढवत होत्या. माझी येरझार थांबली. मी त्या गाडीच्या पाटीकडे बघत उभी राहिले, आणि आई माझ्याकडे बघत होती, हे मला न वळताही कळत होतं. गाडी भरली, घंटी वाजली, गाडी हलली. ती धुक्यात दिसेनाशी झाल्यावरही इंजिनचा आवाज बराच वेळ येत होता.

"तुझं ते हजर व्हायचं कधी आहे?" आईने विचारलं.

"सोमवारी."

"म्हणजे परवा." मग पिशवी उघडून तिने रुमाल चाचपला, शेडच्या पागोळीखाली धरून पुन्हा ओला केला आणि सगळं माझ्या हातात दिलं. "ट्रंकेत नको घालूस, दडपेल. हातात धर. आपल्या घरचा मी तुला दिला असता तर तो लागला नसता. हा चोरीचा आहे." तिने पदराने पुन्हा डोळे पुसले, पण या वेळी तिने गोदाकाकूंचं नाव घेतलं नाही. मी तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी रस्त्याकडे बघत होतो. जव्हारची गाडी अजून दिसत नव्हती.

"खिडकी कुठल्या अंगाला आहे तुझ्या खोलीला?" ती म्हणाली.

ते हॉस्टेल मी तोवर डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"पूर्वेला," मी म्हणाले.